औषधाला मंदी नसते?

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज ‘आर्थिक मंदी आणि औषध उद्योग’ हा विषय दिला आहे. विषय ऐकूनच काहींनी मागच्या रांगेत जागा पकडलेली दिसते. आधी एक काम करू. डी.फार्म. किंवा बी.फार्म. करणारे, केलेले किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांच्या घरात कुणीतरी रोज बीपीची, शुगरची नाहीतर थायरॉइडची गोळी घेतं, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळा हॉल. म्हणजे विषय घरचाच आहे.

मी स्वतः अर्थशास्त्रज्ञ नाही. सात वर्षं एम.आर. म्हणून रत्नागिरी-रायगड पट्ट्यात बॅग घेऊन फिरलो. त्यानंतर चिपळूणला स्टॉकिस्ट म्हणून धंदा सुरू केला, तो आजही चालू आहे. एका बाजूला कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला गावोगावची मेडिकल स्टोअर्स, यांच्या मधल्या माणसाला स्टॉकिस्ट म्हणतात. मधे बसल्यामुळे दोन्हीकडचं दिसतं आणि दोन्हीकडचा मारही बसतो.

या धंद्यात शिरताना प्रत्येकाला एक वाक्य ऐकवलं जातं: ‘औषधाला मंदी नसते, लोक आजारी पडायचे थांबत नाहीत.’ तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी हेच ऐकून तुम्हाला फार्मसीला घातलं असेल. वाक्य अर्धं खरं आहे. लोक आजारी पडायचे थांबत नाहीत, हे खरंच. पण आजारी माणूस औषध विकत घेईलच, ते औषध दुकानात असेलच आणि ते बनवणाऱ्याची नोकरी टिकेलच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

कात्री आधी कुठे लागते

२००८ साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, तेव्हा आपल्याकडे लोक म्हणत होते, आपला काय संबंध? कोकणातल्या मुसलमान वस्त्यांना संबंध लगेच कळला. आमच्याकडे गावंच्या गावं आखातातल्या पगारावर उभी आहेत. दुबईतली बांधकामं थंडावली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीनं कर्जदारांकडे मुदत मागितली. तोवर कितीतरी घरांतला कमावता माणूस बॅग घेऊन परत आला होता.

माझ्या वह्यांमध्ये ती मंदी पायरीपायरीनं उतरलेली दिसते. आधी टॉनिक आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या कमी झाल्या. मग त्वचेची मलमं आणि खोकल्याची सिरप. नंतर माणसं डॉक्टरची फी वाचवायला लागली. जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे धरून ‘हेच द्या’ म्हणायची. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा आकडा मात्र बरेच महिने हलला नाही. मी म्हटलं, बघा, याला मंदी नाही. मग एका मेडिकलवाल्यानं मला दुकानातला संवाद सांगितला.

‘चाची, महिन्याला तीन स्ट्रिपा लागतात.’

‘दोनच दे बेटा. एक दिवसाआड घेते. बरं वाटतंय आता.’

बीपी दुखत नाही, हीच अडचण आहे. ताप आला की माणूस उधार काढून औषध घेतो. जो आजार दुखत नाही, त्याच्या गोळ्या मंदीत गुपचूप कमी होतात. घरात कुणाला सांगतही नाहीत. त्याचं बिल चार-पाच वर्षांनी लकव्याच्या किंवा डायलिसिसच्या रूपानं येतं आणि तेव्हा त्याला कुणी मंदीचा परिणाम म्हणत नाही.

हे आपल्याकडे जास्त का होतं, ते एका आकड्यात कळेल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २००४-०५ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं आहे. सुधारणा आहे, ती मान्य करायला हवी. पण शंभरातले चाळीस रुपये अजूनही आजारी माणसाच्या खिशातून जातात आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा असतो. खिसा आटला की औषध आटतं, इतकं हे सरळ आहे.

कंपनी कशानं मोडते

आता दुसरी बाजू. औषध कंपनी मंदीत अडचणीत येते ती बहुधा गोळ्या खपत नाहीत म्हणून नाही. ती येते कर्जामुळे.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. वॉकहार्ट ही हबील खोराकीवाला यांनी साठच्या दशकात उभी केलेली कंपनी. औरंगाबादेत तिचे कारखाने आहेत. २००४ मध्ये तिनं ११ कोटी डॉलरचे परकी चलनातले परिवर्तनीय रोखे काढले. याचा अर्थ असा की कर्ज डॉलरमध्ये घ्यायचं आणि मुदतीपर्यंत कंपनीच्या शेअरचा भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तर देणेकरी पैशांऐवजी शेअर घेतात. बाजार चढत असतो तोवर हे फुकटच्या पैशासारखं वाटतं. त्या काळात अनेक भारतीय कंपन्यांनी हेच केलं.

हे रोखे फिटायचे होते ऑक्टोबर २००९ मध्ये. मधे काय झालं? जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्या आसपास आला. शेअर कुणालाच नको होते, सगळ्यांना रोख डॉलर हवे होते. त्याच सुमारास डॉलर ३९ रुपयांवरून ५० रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे न घेतलेलं कर्जही वाढलं. त्यात परकी चलनाच्या सौद्यांमधला तोटा. २००९ मध्ये कंपनीला कर्ज पुनर्रचनेसाठी बँकांकडे जावं लागलं. मग विक्री सुरू झाली. जनावरांच्या औषधांचा विभाग एका फ्रेंच कंपनीला गेला, दहा हॉस्पिटलं ९०९ कोटींना फोर्टिसला गेली, पुढे पोषण-आहाराचा व्यवसाय दानोनला गेला. यांतून कंपनी वाचली. पण लक्षात घ्या, या सगळ्या काळात तिच्या औषधांची गरज कमी झालेली नव्हती. माल चालत होता, ताळेबंद चालत नव्हता.

तरुणांना मी नेहमी सांगतो की सगळं काही मंदीच्या खात्यावर टाकू नका. जून २००८ मध्ये जपानच्या दाइइची सान्क्योनं रॅनबॅक्सीचे शेअर ७३७ रुपये दरानं घ्यायचा करार केला. त्याच वर्षाच्या शेवटी तो शेअर २५०च्या आसपास होता. लोक म्हणाले, मंदी. मंदी होतीच. पण सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं देवास आणि पाओंटा साहिब इथल्या कारखान्यांतून येणाऱ्या तीसहून अधिक औषधांवर बंदी घातली होती. तो प्रश्न गुणवत्तेचा होता. मंदी ओसरते. गेलेला भरवसा तसा परत येत नाही.

संशोधनाची उपासमार

मोठ्या परदेशी कंपन्यांनी मंदीत काय केलं? एकमेकांना विकत घेतलं. जानेवारी २००९ मध्ये फायझरनं वायेथ घेतल्याचं जाहीर केलं, ६८ अब्ज डॉलरना. मार्चमध्ये मर्कनं शेरिंग-प्लाऊ घेतलं, ४१ अब्जांना. दोन कंपन्या एक झाल्या की दोन प्रयोगशाळा कशाला, असा हिशेब होतो. फेब्रुवारी २०११ मध्ये फायझरनं इंग्लंडमधल्या सँडविच इथलं संशोधन केंद्र बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथे सुमारे २,४०० माणसं कामाला होती.

नवं औषध यायला दहा-बारा वर्षं लागतात. आज बंद केलेल्या प्रयोगशाळेची उणीव दहा वर्षांनी जाणवते आणि ती ज्याला जाणवते, त्याला ती प्रयोगशाळा कधी होती हेही माहीत नसतं. ज्या आजारांचे रुग्ण गरीब, त्यांच्या औषधांवरचं काम अशा वेळी आधी थांबतं, कारण तिथे नफ्याचं गाजर नसतंच.

सरकार नावाचं गिऱ्हाईक

युरोपात बहुतेक औषधं सरकार किंवा विमा फंड विकत घेतो. तिथे रुग्णाचा खिसा आटत नाही, पण सरकारची तिजोरी आटते. ग्रीसमध्ये हेच झालं. २०१० मध्ये देश दिवाळखोरीच्या काठावर गेला, कर्ज देणाऱ्यांनी काटकसरीची अट घातली. औषधांवरचा सरकारी खर्च २००९ मध्ये सुमारे ५ अब्ज युरो होता, तो पाच वर्षांत २ अब्जांच्या आसपास आणला गेला. सरकारनं किमती एकदम पाव हिश्शानं कापल्या, तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कनं आपली पेनमधली इन्सुलिन तिथल्या बाजारातून काढून घेतली. पुढे तडजोड झाली. पण मधल्या दिवसांत इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसांच्या घरी काय वातावरण असेल, कल्पना करा.

याचं दुसरं रूप आफ्रिकेत दिसलं. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाच्या औषधांना पैसा देणारा ‘ग्लोबल फंड’ श्रीमंत देशांच्या देणगीवर चालतो. देणगीदार मंदीत होते. नोव्हेंबर २०११ मध्ये फंडानं नव्या अनुदानांची अकरावी फेरी रद्द केली. वॉशिंग्टन-पॅरिसमधल्या अर्थसंकल्पाची कात्री मलावी-झांबियातल्या दवाखान्यापर्यंत अशी पोहोचते.

आणि तिसरं उदाहरण अगदी शेजारचं, श्रीलंका, २०२२. तिथली सरकारी आरोग्यसेवा चांगली म्हणून आपण शिकलो. उपचार मोफत. पण औषधांपैकी ८० टक्क्यांहून जास्त माल आयातीचा. डॉलर संपले आणि औषध संपलं. मार्चमध्ये पेराडेनियाच्या हॉस्पिटलला नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. डॉक्टर होते, खाटा होत्या, दयाळू कायदाही होता. फक्त शस्त्रक्रियेला लागणारं औषध आणायला परकी चलन नव्हतं. भारतानं अन्न, औषधं आणि गरजेच्या वस्तूंसाठी १ अब्ज डॉलरची कर्जसोय दिली, तेव्हा थोडी उसंत मिळाली.

आपण कितपत सुरक्षित?

श्रीलंकेचं ऐकून आपल्याला वाटतं, आपण तर ‘जगाची फार्मसी’. २०२३-२४ मध्ये सुमारे २८ अब्ज डॉलरची औषधं आपण निर्यात केली, हे खरं. पण गोळीत दोन भाग असतात. एक, प्रत्यक्ष काम करणारं रसायन, ज्याला धंद्यात बल्क ड्रग किंवा एपीआय म्हणतात. दुसरं, त्याची गोळी बांधणं. गोळी बांधण्यात आपण पटाईत आहोत. बल्क ड्रगच्या आयातीतला जवळपास दोन तृतीयांश माल चीनमधून येतो. एकेकाळी पेनिसिलिनचा कच्चा माल आपण इथे बनवत होतो. स्वस्त चिनी मालापुढे ते कारखाने बंद पडले.

३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं पॅरासिटामॉलसकट २६ औषधं आणि कच्च्या मालांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. कारण चीन बंद होता आणि आपल्याला पुरेल की नाही याची खात्री नव्हती. त्यानंतर बल्क ड्रग देशात बनावेत म्हणून ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आली. तेव्हा जाग आली हे चांगलंच, पण असे कारखाने दोन-चार वर्षांत पूर्ण उभे राहत नाहीत.

महागाईचाही एक भाग आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांवर सरकारची कमाल किंमत असते. २०१३च्या औषध किंमत आदेशानुसार ही मर्यादा दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलते. एरवी ही वाढ किरकोळ असायची. एप्रिल २०२२ मध्ये ती १०.७ टक्क्यांवर गेली, पुढच्या वर्षी १२ टक्क्यांवर. म्हणजे कोविडनं ज्यांची कमाई मोडली होती, त्यांच्याच आवश्यक गोळ्या कायदेशीरपणे महागल्या. त्यात कंपन्यांनी काही चोरून केलेलं नाही. नियमच तसा आहे. नियम बदलायचा असेल, तर तो आधी माहीत असावा लागतो.

मंदीत उभं राहणारे

फक्त रडगाणं गाऊन थांबणार नाही. मंदी काहींना संधीही देते. पैसा कमी पडला की सरकारं आणि विमा कंपन्या स्वस्त जेनेरिक औषध शोधतात. अमेरिकेत २००८ मध्ये औषधांची विक्री जेमतेम १.३ टक्क्यांनी वाढली, पण जेनेरिकचा वाटा चढत राहिला. २०१२ पर्यंत तिथल्या दर पाच चिठ्ठ्यांपैकी चार जेनेरिकच्या होत्या. त्यातला मोठा माल भारताचा.

याची मुळं जुनी आहेत. ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे. बर्लिनला रसायनशास्त्र शिकले. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ काढली, म्हणजे आजची सिप्ला. काळ बघा. जागतिक महामंदीतून जग नुकतं सावरत होतं, देश गुलाम होता, औषधांचा बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात. १९३७ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि दोन वर्षांत महायुद्ध पेटलं. बाहेरून येणारा माल अडला, तेव्हा असे देशी कारखानेच कामी आले. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरना देऊ केलं. परदेशी कंपन्यांचा दर तेव्हा १० हजार डॉलरच्या पुढे होता. हे शक्य झालं १९७०च्या पेटंट कायद्यामुळे, ज्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट न देता बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट दिलं. तो कायदा आपोआप आला नाही. देशी उत्पादकांनी, शास्त्रज्ञांनी, खासदारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं जोर लावला होता.

भार कुणावर पडतो

आता तुमच्या नोकरीकडे येतो. मंदी आली की कंपनी सगळ्यात आधी एम.आर.चं टार्गेट वाढवते. माल खपत नाही, म्हणून टार्गेट वाढवायचं! मग महिनाअखेरीस स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला जातो. तो माल दुकानांत पडून राहतो, एक्स्पायर होतो आणि परत येतो. एका कंपनीनं माझ्या एक्स्पायरीचे पैसे चौदा महिने दिले नाहीत. आमचा नफा आधीच ठरलेला: कमाल किंमत लागू असलेल्या औषधांवर घाऊकवाल्याला आठ टक्के, किरकोळवाल्याला सोळा. त्यात चौदा महिने पैसे अडकले तर मी कुणाचं थांबवणार? माझ्या गोडाऊनमधल्या मुलाचा पगार मी थांबवला नाही, पण नवा मुलगा घेणार होतो, तो घेतला नाही. त्या मुलाला कधी कळलंच नाही की त्याची नोकरी कुठे गेली. मंदीतली बरीचशी बेकारी अशी असते. कुणाला काढलं जात नाही, कुणाला घेतलं जात नाही.

कारखान्यांत याहून वाईट. पॅकिंगपासून सफाईपर्यंत कंत्राटी माणसं असतात. शिफ्ट कमी झाली की दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली यातच जास्त आहेत, कारण आपल्याकडे शिक्षण मधेच सुटण्याचं प्रमाण मोठं आहे.

तेव्हा फार्मसी शिकणाऱ्यांना माझं सांगणं. एक, फक्त काउंटरवर बसायचं म्हणून शिकू नका. गुणवत्ता तपासणी, नोंदींचं काम, नियामक विभाग, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचं काम, हे शिका. माझ्या पाहण्यात मंदीतही या विभागांतली माणसं शेवटपर्यंत टिकली, कारण त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही. दोन, आपलं सर्टिफिकेट भाड्यानं देऊ नका. कडकीच्या दिवसांत दुकानदार येतो, महिन्याला दोन-चार हजार देतो म्हणतो, तुमचं नाव भिंतीवर लावतो. उद्या त्या दुकानातून चुकीची गोळी गेली तर परवाना तुमचा आणि मेलेला माणूस आपल्याच मोहल्ल्यातला. तीन, एम.आर. झालात तर संघटनेत जा. १९७६ साली विक्री प्रतिनिधींसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो संघटना होती म्हणून.

आणि बाकीच्यांनी?

डॉक्टरकडे गेलात की औषधाचं मूळ नाव विचारा, लाजू नका. जनऔषधी योजना सुरू झाली नोव्हेंबर २००८ मध्ये, अमृतसरला, त्याच मंदीच्या वर्षात. आता देशभर दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत. तिथे तुमची गोळी मिळते का बघा, नसेल तर तक्रार करा. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अॅपवर कमाल किंमत दिसते. तुमच्या आईची, आजीची चिठ्ठी आज घरी जाऊन त्यावर तपासा. आणि त्यांना नुसतं ‘गोळी घेतली का’ असं विचारू नका, स्ट्रिप मागून मोजा. एक दिवसाआड चाललेलं असेल तर लगेच कळेल.

सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी मिळाली, तर ‘नशीब’ म्हणून परतू नका. तामिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं आणि दवाखान्यांपर्यंत औषध पोहोचवण्याची पद्धत बसवली. महाराष्ट्रानं असं प्राधिकरण करायचा कायदा २०२३ मध्ये केला. आपण जवळपास तीस वर्षं उशिरा निघालो आहोत. निदान आता तरी गोळी दवाखान्यात पोहोचते का, हे तालुक्या-तालुक्यात कुणीतरी विचारायला हवं. माहितीचा अधिकार आहे, रुग्ण कल्याण समित्या आहेत. तुम्ही शिकलेली मुलं आहात, अर्ज लिहिता येतो तुम्हाला.

पुढची मंदी कधी येईल, हे मला माहीत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण ती आली की आधी तोच मोडतो, ज्याच्याकडे खिशाशिवाय दुसरा आधार नाही. दवाखान्यात औषध, देशात कच्चा माल आणि घरात स्ट्रिप मोजणारं कुणीतरी, इतकं असलं तर पुष्कळ निभावतं. यातलं शेवटचं काम आज रात्रीच सुरू करता येईल.

 आता प्रश्न विचारा.